प्रशिक्षक बदलले, मालक तेच राहिले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२१ मे २०२५ च्या रात्री, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे २२ तारखेच्या साडेबारा वाजता, आमच्या इंदिरानगरच्या घरी पुतण्या आणि त्याचे चार मित्र इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचा युरोपा लीग या युरोपीय स्पर्धेतला अंतिम सामना पाहायला जमले होते. स्पेनमधल्या बिल्बाओमध्ये झालेला तो सामना टॉटनहॅम या दुसऱ्या इंग्लिश क्लबने १-० असा जिंकला. हंगाम संपला तेव्हा प्रीमियर लीग या वीस संघांच्या इंग्लिश लीगच्या तक्त्यात टॉटनहॅम १७ व्या आणि युनायटेड ४२ गुणांसह १५ व्या क्रमांकावर होते, यावरून दोन्ही संघांची अवस्था कळावी. पहाटे अडीचच्या सुमारास आमच्या दिवाणखान्यात एकमताने ठरले की सगळा दोष युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक रुबेन अमोरिम यांचा. तो निकाल मला पटला नाही, आणि एखाद्या फुटबॉल क्लबची घसरण झाली की बोल कोणाला लावायचा, याविषयी तेव्हापासून मनात घोळत असलेले विचार आपल्या वाचकांपुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अमोरिम यांना निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. ते नोव्हेंबर २०२४ मध्ये, हंगाम सुरू झालेला असताना आले आणि हाताशी असलेले खेळाडू कसे आहेत हे न पाहता तीन बचावपटूंच्या आपल्या रचनेला धरून बसले, हे उघड आहे. परंतु २०१३ पासून त्यांच्याआधी डेव्हिड मॉयेस, लुई व्हॅन गाल, जोझे मोरिन्यो, ओले गुनार सोल्शार आणि एरिक टेन हाग असे पाच कायमस्वरूपी प्रशिक्षक त्याच खुर्चीवर बसून गेले होते. मॉयेस यांना सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांत काढले. व्हॅन गाल यांनी २०१६ चा एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्यांची नोकरी गेली. स्वभावाने आणि पद्धतीने एकमेकांशी काहीही साम्य नसलेली ही माणसे एकाच ठिकाणी येऊन अपयशी ठरत असतील, तर तपास माणसांचा करायचा की त्या ठिकाणाचा? गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आले यावरून आपण नाशिककर पुराचा अंदाज बांधतो, पण पूर मारुतीने आणला असे कोणी म्हणत नाही; त्यासाठी गंगापूर धरणाच्या विसर्गाकडे पाहावे लागते. प्रशिक्षक हा मला त्या मारुतीसारखा वाटतो, फक्त मारुती पाण्याखाली गेला तरी त्याला कोणी जागेवरून हलवत नाही.

विसर्ग कुठून झाला ते पाहू. २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने हा क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांच्या मूल्याने विकत घेतला. त्यातील मोठा भाग कर्जाचा होता आणि त्या कर्जाचा बराचसा बोजा क्लबवरच टाकला गेला. साध्या भाषेत सांगायचे तर, कोणी तुमचे घर तुमच्याच घराच्या तारणावर विकत घ्यावे आणि हप्ते मात्र तुम्ही भरावेत, असा हा व्यवहार होता. त्याआधी क्लबच्या डोक्यावर कर्ज नव्हते. त्यानंतर व्याजासाठी वर्षानुवर्षे जे पैसे गेले, ते ना मैदानाच्या डागडुजीला लागले ना सराव केंद्राला. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या मैदानाच्या छतातून कोसळणारे पावसाचे पाणी साऱ्या जगाने पाहिले. (या खरेदीमागे एका घोड्याचीही कथा आहे. रॉक ऑफ जिब्राल्टर या शर्यतीच्या घोड्याच्या मालकीवरून तेव्हाचे प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन आणि क्लबचे मोठे भागधारक मॅग्नियर व मॅकमनस यांच्यात वाद झाला. तो मिटल्यानंतर सुमारे सव्वा वर्षाने त्या दोघांनी आपले सुमारे २८.७ टक्के शेअर ग्लेझर यांना विकले. एकामुळे दुसरे घडले असे मी म्हणणार नाही, पण ज्यांना दोषाचा उगम शोधायचा आहे त्यांनी इथपर्यंत मागे जायला हरकत नाही.)

मात्र सगळे खापर कर्जावर फोडणेही सोयीचेच होईल. कर्ज डोक्यावर असतानाच २००७ ते २०१३ या काळात फर्ग्युसन यांनी पाच वेळा प्रीमियर लीग आणि २००८ मध्ये चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकून दाखवली. शिवाय खेळाडूंवर पैसा खर्च झाला नाही, असेही नाही. पॉल पोग्बा या खेळाडूला २०१२ मध्ये फुकट जाऊ दिले, २०१६ मध्ये ८.९ कोटी पौंड मोजून परत आणले आणि २०२२ मध्ये पुन्हा फुकट जाऊ दिले. हॅरी मॅग्वायरसाठी सुमारे आठ कोटी आणि त्याहून थोडे जास्त अँटनीसाठी दिले गेले. तेव्हा प्रश्न पैसा होता की नव्हता हा नसून, तो कोणासाठी खर्चायचा हे ठरवणारा माणूस कोण होता, हा आहे. २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले त्याच वेळी मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडले, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत क्वचितच येते. संघ बांधणारा आणि सौदे करणारा, दोघेही एकाच उन्हाळ्यात गेले. गिल यांच्या जागी आलेले एड वुडवर्ड बँकिंग क्षेत्रातून आलेले गृहस्थ होते. प्रायोजक मिळवण्यात त्यांचा हातखंडा होता, पण फुटबॉल जाणणारा संचालक नेमायला क्लबला २०२१ साल उजाडावे लागले. तोपर्यंत प्रत्येक नव्या प्रशिक्षकाने आपल्या आवडीचे खेळाडू मागावेत आणि पुढच्याने ते निकामी ठरवावेत, असेच चालले.

माझे मामेभाऊ दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे फुटले आणि फुटीवर घड दिसला नाही, तर ते ऑक्टोबरमध्ये छाटणी करणाऱ्या मजुरावर डाफरत नाहीत. त्यांना ठाऊक असते की काडीत घड तयार होतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, मे-जूनच्या उन्हात. तेव्हा आभाळ राहिले किंवा पाणी-खताचे गणित चुकले, तर त्याचा हिशेब सहा महिन्यांनी मिळतो. क्लबचेही असेच असते, फक्त तिथे सहा महिन्यांच्या जागी सहा-आठ वर्षे धरावी लागतात. २०१३ चा विजेता संघ हा जुन्या काडीवरचा माल होता. गिग्ज ३९ वर्षांचा, स्कोल्स ३८ चा, फर्डिनंड ३४ चा. तो संघ तसाच मागे ठेवून जाणाऱ्या आणि मॉयेस यांचे नाव स्वतः पुढे करणाऱ्या फर्ग्युसन यांच्याही वाट्याला थोडा दोष येतो, हे त्यांचा चाहता असूनही मला मान्य करावे लागते.

आणि ग्लेझर नसतानाही हे एकदा घडलेले आहे. १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकणारे युनायटेड, प्रशिक्षक मॅट बस्बी बाजूला झाल्यानंतर, १९७४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत उतरले होते. एका थोर माणसाच्या हाती सगळे सोपवून तो गेल्यावर काय, याचा विचारच न करणे हा त्या क्लबचा जुना दोष दिसतो. तरीही मला मालकांना अधिक दोषी धरावेसे वाटते, कारण गेल्या वीस वर्षांत त्या क्लबमध्ये न बदललेले तेवढेच आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ भागीदार म्हणून आले आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे गेला. त्यांनी टेन हाग यांचा करार जुलैत वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढले. गाजावाजा करून आणलेले क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ पाच महिन्यांत गेले. दरम्यान सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. चूक वरच्या मजल्यावर झाली आणि काटकसर तळमजल्यावर.

परदेशी क्लबसाठी एवढा जीव कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडे तर हा प्रश्न विचारायला क्लबच उरत नाही. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये दुसरा आला होता, तोही आज नाही. एफसी पुणे सिटीचा खेळ २०१९ मध्ये आटोपला. पुण्याच्या बालेवाडीच्या मैदानापर्यंत प्रवास करून मी त्यांचे दोन सामने पाहिले आहेत. यांपैकी एकाही ठिकाणी प्रशिक्षकामुळे टाळे लागले नाही. कोल्हापूरच्या तालमींचे संघ मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत, कारण त्यांचा मालक म्हणजे पेठ, आणि पेठ गुंतवणूक काढून घेऊन दुसऱ्या शहरात जात नाही.

आम्हा चाहत्यांचाही वाटा आहे, आणि तो लपवणे योग्य नव्हे. २००५ मध्ये मँचेस्टरच्या काही समर्थकांनी ग्लेझर यांच्या निषेधार्थ वेगळे होऊन एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. मे २०२१ मध्ये लोक मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. नाशिकमध्ये बसून आम्ही काय केले, तर दरवर्षी नवी जर्सी घेतली. पंधराव्या क्रमांकावर येऊनही ज्या मालाची विक्री थांबत नाही, त्याचा दर्जा सुधारण्याची घाई मालकाला का असावी?

आपल्या क्रीडा पानाला एक विनंती आहे. एखाद्या प्रशिक्षकाच्या हकालपट्टीची बातमी छापताना त्याला कोणी नेमले, किती वर्षांचा करार दिला आणि नेमणारे अजून पदावर आहेत का, एवढी एक ओळ सोबत द्यावी. पुतण्याने नव्या हंगामाच्या जर्सीसाठी पैसे मागितले आहेत. ती ओळ त्याला वाचून दाखवल्यावरच देईन, असे मी त्याला सांगितले आहे.

आपला नम्र,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक