पायथागोरियोला एक दुपार पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीसच्या बेटांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. पांढरी घरे, निळे घुमट, मावळता सूर्य, सगळे छान. पण सामोस बेटावरच्या पायथागोरियो या बंदराच्या गावाला त्यात अडीच ओळी मिळाल्या, आणि हे गाव एका दुपारी पाहून होते असा शेराही. ते वाचून मला राहवले नाही. मी त्या गावात पाच दिवस राहून आले आहे आणि पाच दिवसही मला कमी पडले.

मी नवेगावबांधच्या बाजूच्या एका खेड्यातली. ३१ वर्षे हायस्कूलच्या मुलांना गणित शिकवले. यजमान धानाची शेती करतात. मुलगी जर्मनीत नोकरीला आहे. आईने जन्मभर ज्याचे प्रमेय फळ्यावर लिहिले त्याचे गाव तिला दाखवायचेच, असे तिने ठरवले होते. यजमानांची एकच अट होती, मृगाच्या आत घरी परतायचे, पऱ्हे टाकायचे आहेत. म्हणून आम्ही मे महिन्यात गेलो. अथेन्सहून लहान विमानाने तासाभरात सामोस येते. विमानतळाला अरिस्टार्कसचे नाव दिले आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मांडणारा हा माणूस याच बेटाचा. विमानतळाच्या पाटीवर खगोलशास्त्रज्ञाचे नाव वाचूनच माझा प्रवास सार्थकी लागला होता.

विमानतळापासून गाव अगदी जवळ आहे. १९५५ पर्यंत त्याचे नाव होते तिगानी, म्हणजे तळणीचा तवा. बंदराचा आकार वरून तसा दिसतो म्हणून. मग पायथागोरसच्या नावाने गावाचे नाव बदलले. संध्याकाळी धक्क्यावर बसले की होड्या एकमेकींना हलके धडकतात तो आवाज येतो, आणि समोर तुर्कस्तानचा मिकाली डोंगर इतका जवळ दिसतो की दुसरा देश वाटतच नाही. सामुद्रधुनी सर्वात अरुंद आहे तिथे मध्ये जेमतेम दीड-पावणेदोन किलोमीटर पाणी. यजमान म्हणाले, आपल्या नवेगावच्या तलावावर या काठाहून त्या काठाकडे पाहिल्यासारखेच.

धक्क्याच्या टोकाशी पायथागोरसचा पुतळा आहे, काटकोन त्रिकोणाच्या आकारात मांडलेला. लोक त्याच्यापाशी फोटो काढतात आणि परततात. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात नाही, चांगले मोठ्याने म्हटले, ‘काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो.’ आयताच्या कर्णाचा हाच नियम आपल्या बौधायनाने शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या मोजमापासाठी सांगितला आहे, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. तिथे मुलीलाही सांगितले. तिने आधी शंभरदा ऐकले होते, तरी तिने ऐकले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट. गावाच्या मागे कास्त्रो नावाचा डोंगर आहे आणि त्या डोंगरातून आरपार १०३६ मीटर लांबीचा बोगदा आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. डोंगरापलीकडच्या झऱ्याचे पाणी गावात आणायचे होते. शत्रूला दिसेल असा उघडा पाट नको होता, म्हणून मेगारा गावच्या युपालिनोसने डोंगराच्या पोटातून वाट काढली. छिन्नी-हातोड्याने, चुनखडीच्या दगडातून, आणि तीही दोन्ही बाजूंनी एकाच वेळी. एक टोळी उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून, आणि दोघींनी डोंगराच्या आत भेटायचे.

वाचकांनी इथे क्षणभर थांबून विचार करावा. आत अंधार, दिव्याचा धूर, वर १७० मीटर डोंगर. दोन्ही टोके एकमेकांना दिसत नाहीत. दिशा चुकली तर दोन्ही टोळ्या शेजारून निघून जातील, पातळी चुकली तर एक वरून आणि दुसरी खालून जाईल. युपालिनोसने दिशा कशी धरली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते डोंगराच्या माथ्यावरून सरळ रेषेत खांब रोवत नेले. काहींच्या मते डोंगराला काटकोनांनी वळसा घालून बाजू मोजल्या आणि त्यावरून तिरपी रेषा काढली. दुसरा मार्ग म्हणजे आमच्या दहावीच्या भूमितीचाच धडा. पण मला सगळ्यात जास्त भावले ते त्याने भेटीच्या जागेजवळ केलेले. त्याने दोन्ही बाजूंचे बोगदे मुद्दाम वळवले. समतलातल्या दोन रेषा समांतर असल्या तर भेटणार नाहीत, पण एक वळवून दुसरीच्या वाटेत आडवी नेली तर छेदल्याशिवाय राहणार नाही. उंचीतही त्याने चुकीला जागा ठेवली होती. एका बाजूने छत उंचावले, दुसऱ्या बाजूने तळ खाली नेला. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक निघाला साधारण ६० सेंटिमीटर! हजार मीटर खोदून हातभराच्या थोडा वर. मुलांना मी नेहमी सांगत आले की उत्तर आले तरी ताळा करा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाने डोंगराच्या आत ताळ्याची सोय करून ठेवली होती.

आत जाताना डोक्यावर हेल्मेट देतात आणि गटागटाने मार्गदर्शकासोबत नेतात. सुरुवातीची वाट इतकी चिंचोळी आहे की खांदे तिरपे करावे लागतात. ज्यांना बंद जागेत धाप लागते त्यांनी विचार करून जावे. पुढे बोगदा माणूस उभा राहील एवढा, साधारण १.८ मीटर रुंद आणि तितकाच उंच होतो. बाहेर मे महिन्याचे ऊन आणि आत गारवा, भिंतींना ओल. एका बाजूला लोखंडी जाळी टाकलेला खोल चर आहे. खरे पाणी त्या चरातून जात असे, मातीच्या नळांतून. कारण बोगद्याचा तळ जवळजवळ सपाट आहे आणि सपाट जागेवर पाणी वाहत नाही. म्हणून चर एका टोकाला सुमारे ४ मीटर आणि दुसऱ्या टोकाला ८ मीटरहून अधिक खोल नेला आहे. हजारभर मीटरला चार-साडेचार मीटर उतार. नळांत क्षार साचू लागले तेव्हा वरचा भाग फोडून ते साफ केले गेले, ती तोडही दाखवतात.

यजमान त्या जाळीवर वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘हे त आपल्या तुडमावानीच हाये व.’

ज्यांना तुडूम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आमच्या भागात मालगुजारी तलाव आहेत, हजारोंनी. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले. मातीची पाळ, जादा पाणी जायला सलंग, आणि शेताला हवे तेवढेच पाणी सोडायला तुडूम. उतार नजरेने धरून पाट कोणत्या बांधीतून कुठे न्यायचा हे ज्यांना कळत असे, त्यांच्यापैकी कित्येकांना अक्षरओळख नव्हती. यजमानांचे आयुष्य त्या पाटांवर गेले आहे. त्यामुळे मार्गदर्शक मुलगी इंग्रजीत काय सांगते ते त्यांना मुलीने सांगण्याआधीच कळत होते. माझ्यासाठी तो बोगदा भूमिती होता, त्यांच्यासाठी पाणी. लग्नाला ३८ वर्षे झाली, पण एकाच गोष्टीकडे आम्ही दोघे इतका वेळ एकत्र पाहत उभे राहिलो, असे याआधी आठवत नाही.

हे पाणी सुमारे हजार वर्षे गावाला मिळत होते. मग बोगदा विस्मरणात गेला. १८८० च्या दशकात तो पुन्हा सापडला आणि १९७१ ते १९७३ या काळात जर्मन पुरातत्त्व संस्थेने तो आरपार मोकळा केला. १९९२ मध्ये युनेस्कोने पायथागोरियो आणि शेजारचे हेरायन, म्हणजे हेरा देवीचे मंदिरस्थान, यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने सामोसकरांची तीन मोठी कामे सांगितली आहेत. हा बोगदा, बंदराचा समुद्रात बांधलेला बांध आणि हेरा देवीचे मंदिर. आजच्या धक्क्याखाली त्या जुन्या बांधाचाच पाया आहे, म्हणजे आपण संध्याकाळी जिथे कॉफी घेऊन बसतो तिथेच. मंदिर गावापासून साधारण ६ किलोमीटरवर, समुद्रकाठच्या दलदलीच्या सपाट जागेत आहे. तिथे सकाळी लवकर जावे, सावली नाही. पॉलिक्रॅटिस या राजाच्या काळात आरंभलेल्या त्या मंदिराला १५५ खांब होते, ते कधी पूर्ण झाले नाही आणि आज एकच खांब उभा आहे, तोही निम्म्याच उंचीचा. एवढ्या मोकळ्या रानात एक खांब पाहून मला मार्कंड्याच्या मंदिरांची आठवण आली. वैनगंगेच्या काठचे ते कोरीव दगड मी मुलांच्या सहलीत किती वेळा पाहिले. या मंदिराच्या वाटेवर १९८० मध्ये एका तरुणाचा सुमारे ५ मीटर उंच संगमरवरी पुतळा सापडला. तो वाथी या बेटाच्या मुख्य गावच्या संग्रहालयात आहे. बस जाते.

पॉलिक्रॅटिसची एक गोष्ट तिथे ऐकायला मिळते. आपले नशीब फार जोरावर आहे, देवांना ते सोसणार नाही या भीतीने त्याने आपली लाडकी अंगठी समुद्रात फेकली. काही दिवसांनी कोळ्याने नजराणा म्हणून आणलेल्या माशाच्या पोटातून ती परत आली. शकुंतलेची अंगठी आठवली ना? मला तर रामटेकच्या टेकडीवर कालिदासाच्या स्मारकापाशी उभे असल्यासारखे वाटले.

बाकीचे थोडक्यात सांगते. गावाच्या कडेला टेकाडावर लिकुर्गोस लोगोथेतिस या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातल्या सामोसच्या पुढाऱ्याची गढी आणि शेजारी चर्च आहे. १८२४ च्या ६ ऑगस्टला तुर्की आरमार परतवल्याची आठवण म्हणून तिथे दरवर्षी त्या दिवशी उत्सव होतो. वर डोंगरात पनागिया स्पिलियानी हा मठ आहे. त्याच्या अंगणातून खाली गुहेत पायऱ्या उतरतात आणि तळाशी मेरी मातेचे लहानसे देऊळ आहे. एक म्हातारी बाई तिथे मेणबत्ती लावत होती. मी हात जोडले, तिने माझ्याही हातात एक मेणबत्ती दिली. पोटोकाकीचा समुद्रकिनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नाही, चपला घालूनच पाण्यात जावे. मे महिन्यात पाणी गार लागते.

जेवणाची काळजी माळकरी माणसाने करू नये. पायथागोरस मांसाहार करत नसे असे परंपरा सांगते. युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत शाकाहाराला पायथागोरसचाच आहार म्हणत असत. आम्हाला रोज ‘होर्ता’ मिळाले. ही तिथली रानभाजी, उकडून वर ऑलिव्हचे तेल आणि लिंबू. पहिल्या पावसात आमच्याकडे तरोटा खुडून आणतात, त्या चवीच्या जवळची. टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे वाल, म्हणजे ‘गिगांतेस’, यजमानांनी तीन दिवस मागवले. सामोसची गोड द्राक्षवाइन प्रसिद्ध आहे, आम्ही घेतली नाही, पण डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले द्राक्षाचे मळे मात्र अवश्य पाहावेत.

बाजारातून मी एकच वस्तू आणली, पायथागोरसचा पेला. मातीचा, मध्ये एक खांब. खुणेपर्यंत भरला तर नेहमीच्या पेल्यासारखा राहतो. खुणेच्या वर एक घोट जास्त ओतला की सगळे पाणी बुडातून गळून जाते. खांबात वाकडी नळी, म्हणजे वक्रनलिका दडवलेली असते. पाण्याच्या कामावरच्या माणसांनी पिण्याचे प्रमाण सांभाळावे म्हणून पायथागोरसने तो बनवला, अशी दंतकथा आहे. परत आल्यावर जूनमध्ये मी तो आमच्या शाळेत नेला. सातवीच्या एका मुलीने पाच वेळा पाणी भरून पाहिले आणि सहाव्या वेळी स्वतः खांबावर बोट ठेवून म्हणाली, बाई, पाणी आधी याच्या वर चढते, मगच खाली पडते. वक्रनलिकेचा नियम तिला मी सांगितला नव्हता.

संपादक महोदय, म्हणूनच विनंती की पायथागोरियोवर आपण एक पूर्ण पान द्यावे. बोगद्याचा नकाशा छापावा, दोन्ही बाजूंचे वळण दिसेल असा, म्हणजे खेड्यातल्या शिक्षकांना तो वर्गात लावता येईल. आणि त्याच पानावर जागा उरली तर आमच्या तलावाच्या तुडमाचे चित्र द्यावे. ते आमच्या यजमानांनी मापासकट काढून ठेवले आहे. सोबत पाठवत आहे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
ता. अर्जुनी/मोरगाव, जि. गोंदिया