बाबांचं पाणी आणि बी.पी.

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, उभं राहिल्यावर तुमचं बी.पी. घसरतं ते अशक्तपणामुळे नव्हे. उभं राहताच रक्त पोटात आणि पायांत उतरतं. रक्तवाहिन्या आवळून ते वर राखायचं काम ज्या नसांचं, त्या नसा तुमच्या पार्किन्सन्समध्ये ढिल्या पडतात. अशा वेळी साधं पाणी औषधासारखं लागू पडतं, पण ते वेळेवर आणि रीतीनेच प्यायला हवं.

सकाळी उठल्यावर पलंगाच्या काठावर बसूनच अर्धा लिटर पाणी पाच मिनिटांत संपवायचं. आई, मोजकी बाटली रात्रीच उशाशी ठेव. तासभर घोट घोट घेऊन तो परिणाम मिळत नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००० साली दाखवलं की ४८० मिली पाण्याने या नसा निकामी झालेल्या रुग्णांचं वरचं बी.पी. सरासरी ३० हून जास्त चढतं. पाच मिनिटांत चढू लागतं, अर्ध्या तासाने सर्वांत वर जातं आणि तास-दीड तासात ओसरतं. आंघोळ, देवपूजा तेवढ्यात उरकायची. पिताना हनुवटी किंचित खाली असू द्या. ठसका लागला तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना सांगा. पाणी श्वासनळीत जाणं जास्त वाईट.

त्या पाण्यात मीठ, साखर घालू नका, मिठाने परिणाम कमी होतो. मीठ पेजेबरोबरच्या तोरांच्या लोणच्यातून जाऊ दे, तेही डॉक्टर म्हणतील तेवढंच. दुपारी ताटभर भात जेवल्यावर रक्त आतड्यांकडे वळतं आणि बी.पी. पुन्हा पडतं. म्हणून जेवण थोडं थोडं, जेवणाआधी एक पेला पाणी, आणि हात धुवायला लगेच उठू नका. मे महिन्यात घामाने निघून जातं ते वेगळं भरून काढायचं.

रात्री मात्र उलट. आडवं झाल्यावर तुमचंच बी.पी. फार चढतं, म्हणून झोपेआधी दीड तास मोठा पेला नको. पलंगाचे डोक्याकडचे पाय लाकडी ठोकळ्यांवर सहा इंच उचलून घ्या. उशा रचल्याने नुसती मान वाकते.

आई, बाबांना पाच मिनिटं आडवं ठेवून बी.पी. घे, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर वहीत वेळेसकट लिही आणि वही डॉक्टरांना दाखव. हे पाणी-मीठ बाबांचं हृदय आणि किडनी ठीक आहेत म्हणूनच. तुझं बी.पी. कायमच चढं, तेव्हा त्यांचं लोणचं तुझ्या ताटात नको.

तुमची लेक