राजीनामा मंजूर झाला आहे, बाबा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा बाबांनी आधी "ऑफिस कसं आहे?" विचारलं आणि मी गप्प बसले. आता लिहितेच. मागच्या सोमवारी माझा राजीनामा मंजूर झाला. पुढच्या महिन्यापासून मी पूर्णवेळ करिअर समुपदेशन करणार आहे. शाळा-कॉलेजातल्या मुलांचं नाही, चाळिशी-पन्नाशीला येऊन "आता या कामात जीव रमत नाही" म्हणणाऱ्यांचं.

घाईत केलेलं नाही. शनिवारी मी 'क्लास आहे' म्हणायचे ना, तो क्लास हाच. दोन वर्षं लपवलं, त्याचं मनाला लागतं. त्या नोकरीचा अर्ज तुम्ही रात्री जागून टाइप करून दिला होतात, म्हणून तोंडच उघडेना. वर्षभराचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवला आहे. तुमचा दोघांचा आरोग्य विमा भरला आहे, दरमहाचे पैसे त्याच तारखेला येतील, घरकामाच्या ताई येत राहतील. दादाच्या वेळी झालं तसं काही होणार नाही.

'धरसोड' हा शब्द तुमच्या ओठांवर आला असेल. बाबा, या कामाचा पाया ज्यानं घातला तो फ्रँक पार्सन्स स्वतः आधी इंजिनिअर होता, मग शिक्षक, मग वकील. १९०८ साली त्यानं बोस्टनमध्ये असं मार्गदर्शनाचं केंद्र काढलं. माणसानं आधी स्वतःला ओळखावं, मग कामाची नीट माहिती काढावी आणि मग दोन्हींचा मेळ घालावा, एवढंच त्याचं सांगणं. आम्ही अजून तेच करतो.

गेल्या वर्षी एक बाई आल्या होत्या, बावीस वर्षं हिशेबाच्या कामात. नोकरी सोडायचीच म्हणत होत्या. मी त्यांना वहीत एकेका वर्षाचं काम लिहायला लावलं आणि जिथे वेळ कसा गेला ते कळलं नाही तिथे खूण करायला सांगितली. खुणा झाल्या अकरा. त्यातल्या नऊ नव्या मुलांना काम शिकवतानाच्या! पेनाचं टोपण मुठीत घट्ट धरून त्या कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. नोकरी सोडली नाहीच त्यांनी, त्याच ऑफिसात प्रशिक्षणाचं काम मागून घेतलं. तेव्हा मी लोकांचे संसार उघड्यावर पाडते असं मनात आणू नका.

आई, २००१ सालच्या एका लेखात रुग्णालयातल्या सफाई कामगारांबद्दल वाचलं. रुग्णाची विचारपूस हाही आपल्या कामाचाच भाग मानणाऱ्यांना तेच काम मोलाचं वाटत होतं. मला तुझ्या वॉर्डातल्या मावशी आठवल्या. म्हाताऱ्या पेशंटचे केस विंचरून द्यायच्या त्या, त्यांना कोणी सांगितलं होतं?

आणि बाबा, तुमचे रविवार. जमिनीवर जुनं धोतर पसरून तुम्ही घड्याळ उघडायचात, मी बॅटरी धरायचे, हात दुखला तरी हलवायचे नाही. चिमट्यानं चाक बसलं की तुमचा चेहरा जसा व्हायचा, तसा ऑफिसातून येताना कधी पाहिला नाही. तुमची नोकरी फुकट गेली असं मी म्हणत नाही, तिच्यावरच आम्ही दोघं शिकलो. पण समोरच्या माणसाला "रविवारी काय करता?" विचारते, तेव्हा तुमचाच चेहरा डोळ्यांपुढे असतो.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळचीच, 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. आईनं गुडघ्याचे व्यायाम रोज करायचे आणि स्टुलावर चढायचं नाही, माळ्यावरचं काहीही असो. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी स्वतः येऊन नेणार आहे. रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला. आणि बाबा, आईला वाचून दाखवताना घड्याळाचा भाग गाळू नका.

तुमची,
छकुली