आधी हॉल रिकामा करा, खरेदीचं नंतर बघू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घर आवरण्यावर लेख येतात ते मी न चुकता वाचते, पण एक गोष्ट बरेच दिवस खटकतेय म्हणून आज लिहायलाच बसले. लेख पसाऱ्यापासून सुरू होतो आणि थोड्याच वेळात बास्केट, ऑर्गनायझर, सोफ्याखाली सरकवायचे बॉक्स यांच्याकडे वळतो. मी हे सगळं आणून बघितलंय. बॉक्स आणले की पसारा बॉक्समध्ये जातो, घरातून बाहेर जात नाही, आणि वर त्या बॉक्सना ठेवायला जागा लागते ती वेगळीच. म्हणून माझं अगदी कळकळीचं म्हणणं आहे की हॉल आवरताना निदान पहिला महिना एकही वस्तू विकत आणू नये. आधी रिकामा करावा, मग त्यात माणसं कशी वावरतात ते बघावं.

मला हे कळलं ते सासूबाईंमुळे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या वॉकर घेऊन चालतात. हळूहळू त्यांनी हॉलमध्ये येणंच बंद केलं, दिवसभर आतल्या खोलीत बसून राहायच्या, आम्हाला वाटायचं दुखत असेल, कंटाळा येत असेल. एक दिवस दुपारी मी दारातून बघितलं, त्या सोफा आणि टीपॉयच्या मधे थांबल्या होत्या, वॉकर तिरका करून बघितला, मग एका हाताने टीपॉयचा कोपरा ढकलायचा प्रयत्न केला, आणि मुकाट्याने मागे वळल्या. कुणाला हाक सुद्धा मारली नाही. ते बघून पोटात तुटलं. टेप घेऊन मोजलं तर सोफा-टीपॉयमधलं अंतर ४५ सेंमी, म्हणजे दीड फूट, आणि वॉकर खाली पायांपाशी ६० सेंमी रुंद. आता दीड फूट हे माप चुकीचं नाहीये, सोफ्यावर बसून टीपॉयपर्यंत हात पोचायला तेवढंच लागतं, बहुतेक ठिकाणी तेच सांगतात. पण ते बसण्याचं माप आहे, येण्याजाण्याचं नाही. ज्या वाटेने घरातली माणसं ये-जा करतात तिथे ९० सेंमी, म्हणजे ३ फूट मोकळे पाहिजेत. व्हीलचेअर असेल तर तिला गोल वळायला कुठेतरी १५० सेंमीची जागा लागते.

मग पुढच्या रविवारी हलवता येईल ते सगळं उचलून आतल्या खोलीत नेलं. खरं सांगते, पाठीचं भुस्कट पडतं, पण त्याशिवाय घरात काय चाललंय ते कळतच नाही. गालिच्याखालून एक्स्टेन्शनची वायर गेलेली होती, वर्षानुवर्षं पायाखाली तुडवून एका ठिकाणी चपटी झालेली. वायर गरम झाली तर गालिच्याखाली ती उष्णता बाहेर पडायला जागाच नसते, आग लागायला एवढं कारण पुरतं. पुस्तकांचं कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटून होतं, त्याच्या मागे काळी बुरशी धरलेली. भिंत थंड, त्यात हवा खेळत नाही, म्हणून ओल धरते. आता मधे चार बोटं जागा सोडली आहे. आणि कपाट वरून भिंतीला एल क्लॅम्पने, म्हणजे काटकोनी पट्टीने, पक्कं केलंय, कारण लहान मूल ड्रॉवर उघडून त्यावर चढलं तर उंच कपाट अंगावर येऊ शकतं. हे काम कृपा करून कुणीही उद्यावर टाकू नये.

टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ११ चार्जर निघाले. त्यातले चालू किती, कोणत्या फोनचे, कुणालाच सांगता येईना. ३ जुने फोन, एकाची बॅटरी इतकी फुगलेली की मागचं झाकण उचललं गेलं होतं. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही आणि कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात टाकायची नाही, लिथियमची बॅटरी पेट घेते, ती ई-कचरा घेतात तिथेच द्यायची. वॉरंटीसाठी जपून ठेवलेली बिलं तर कोरी झाली होती, त्या गुळगुळीत कागदावर शाई नसते, उष्णतेने अक्षरं उमटतात आणि काळाने उडून जातात. तेव्हापासून बिल आलं की आधी फोटो काढते.

काय ठेवायचं काय काढायचं यावर घरोघरी भांडणं होतात, आमच्याकडे पण झाली. एक नियम मात्र मी पाळला, दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय काढायची नाही, मग ती आपल्याला कितीही निरुपयोगी वाटो. आमचे सासरे गेले त्याला बरीच वर्षं झाली, त्यांची आरामखुर्ची कोपऱ्यात अडगळीसारखी पडली होती, तिच्यावर आम्ही कपडे टाकायचो. मी ती देऊन टाकायचंच धरलं होतं. सासूबाईंना विचारलं तर त्या काही बोलल्या नाहीत, फक्त उठून तिच्या हातावरून हात फिरवला, जिथे हात टेकून टेकून पॉलिश गेलंय तिथेच. खुर्ची राहिली. जे ठरतच नव्हतं ते एका खोक्यात भरून वर तारीख लिहिली, ६ महिन्यांत ज्याची आठवण निघाली नाही ते जाईल.

मांडणीसाठी तर तुमच्याच पेपरचा उपयोग झाला! रद्दीतले कागद चिकटपट्टीने जोडून सोफ्याच्या, टीपॉयच्या मापाचे तुकडे केले, जमिनीवर पसरले, आणि दोन दिवस त्यांच्यामधून चाललो. कागद सरकवायला मेहनत नाही, त्यामुळे चार-पाच मांडण्या करून बघता आल्या. तेव्हा लक्षात आलं की टीपॉय आम्हाला लागतच नाही, खुर्चीशेजारी छोटं स्टूल पुरतं. टीव्ही खिडकीसमोर होता, स्क्रीनवर उजेड चमकायचा, तो खिडकीच्या काटकोनात आणला. सोफा स्क्रीनपासून तिच्या तिरक्या मापाच्या साधारण दीड ते अडीच पट दूर असला की डोळ्यांना बरं पडतं, ४३ इंची टीव्हीला हे अंतर १.६ ते २.७ मीटरच्या आसपास येतं. पण मला विचाराल तर बसायच्या जागा आधी एकमेकांकडे तोंड करून ठेवाव्यात आणि टीव्हीचं नंतर बघावं. सगळ्या खुर्च्या भिंतीला टेकवून रांगेत ठेवल्या की माणसं बोलतच नाहीत.

आरामखुर्ची आता खिडकीपाशी आहे, बाजूला वाचायचा दिवा, ३००० केल्विनचा पिवळसर एलईडी, केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा खोक्यावर छापलेला असतो.

तुम्हाला विनंती एवढीच की पुरवणीत ज्या घरात म्हातारी माणसं आहेत, रांगतं मूल आहे अशा घरांचे हॉल दाखवा, मापांसकट साधा नकाशा छापा. फोटोतल्या त्या चकचकीत खोल्यांमध्ये कुणी चालताना दिसत नाही हो.

हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या हॉलमध्येच बसल्या होत्या. म्हणाल्या, ९० सेंमी म्हणजे ३ फूट असं दोन्ही लिही, माझ्या वयाच्या लोकांना फुटातच कळतं.

आपली,
एक नियमित वाचक