आई-बाबांना पत्र : जीटीओ आहे तशीच विकूया

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा स्नो ब्लोअरच्या ऑइलबद्दल बोलायला लागतात, म्हणून लिहिते आहे. गॅरेजमधली १९६८ची जुनी गाडी, आपली पोंटियाक जीटीओ, विकायची, असं मी आणि दादाने ठरवलं आहे. ठरवलं म्हणजे, टायटल, म्हणजे मालकीचा कागद, बाबांच्या नावावर आहे, सही तुमची, किंमतही तुम्हीच सांगायची. पण बर्फ पडायच्या आत गॅरेज रिकामं व्हायला हवं, यावर आम्ही दोघं ठाम आहोत. आईने त्या गुडघ्याने बर्फावरून जाऊन काच खरवडायची आणि आत एक गाडी चार जॅक स्टँडवर आरामात बसायची, हे पुरे झालं. आणि बाबा, तुम्ही एकटेच तिच्याखाली जाता हे मला आईने सांगितलेलं नाही. तिच्यावर रागावू नका.

‘पूर्ण करूनच विकू’ हा तुमचा मुद्दा मी खूप घोळवला. चांगल्या दुकानात नुसत्या बॉडी-पेंटला शेकडो तास लागतात. वर क्रोम, वर मशीन शॉप, वर सीट. १९६८ साली जीटीओ निघाल्या ८७,६८४. म्हणजे फार दुर्मीळ नाही. त्यात आपली साधी, ४०० घनइंचांच्या इंजिनाची, जास्त ताकदीची रॅम एअर नाही. तयार गाडीच्या किमतीला एक छत असतं आणि खर्च ते छत फोडून वर जातो. स्वतः राबणाऱ्यालाच हे परवडतं. तुम्हाला परवडलं असतं, खांद्याचं ऑपरेशन झालं नसतं तर. तुमच्याने झालं नाही असं यात कुठेही नाही. पुढचे बुशिंग, बॉल जॉइंट, ब्रेक लाइन तुम्ही बदलल्यात आणि प्रत्येक पावती फायलीत आहे. अर्धवट गाडी विकताना भाव अशाच फायलीला मिळतो.

आता गिऱ्हाईक काय बघेल ते. आधी डॅशवर, ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून दिसणारी व्हीआयएन प्लेट, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची पट्टी. आपला नंबर २४२ ने सुरू होतो, म्हणजे ती जन्मापासून जीटीओ. २३७ असता तर ल मान्स, पोंटियाकचंच साधं मॉडेल. ल मान्सला जीटीओचे बिल्ले लावून विकणारे कमी नाहीत, म्हणून हे तीन आकडे जाहिरातीच्या पहिल्या ओळीत घालते. मग इंजिन: ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, पॅसेंजरच्या बाजूला डब्ल्यूटी ठोकलेलं आहे, म्हणजे ३५० हॉर्सपॉवरचं, मॅन्युअल गिअरचं. तिथेच व्हीआयएनचा तुकडाही आहे. तो गाडीच्या नंबराशी जुळला की इंजिन मूळचं. बाबा, ती जागा फक्त डीग्रीझर आणि फडक्याने पुसायची. तारेचा ब्रश नको, सॅंडपेपर नको. ठोकलेले आकडे जरा घासले गेले तरी नंबर बनावट असल्याचा संशय येतो. पोंटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून फॅक्टरीच्या नोंदींची प्रत मी मागवते आहे.

इंजिन सुरू करायचं नाही. ‘एकदा आवाज ऐकवू’ हा मोह मला कळतो, मलाही ऐकायचा आहे. पण आपण ते कधी उघडलेलं नाही, आणि त्या काळच्या पोंटियाक इंजिनात टायमिंगच्या कॅम गिअरला नायलॉनचे दात असायचे. वयाने ते ठिसूळ होतात, तुटून ऑइल पॅनमध्ये पडतात आणि ऑइल ओढणाऱ्या पिकअपची जाळी बंद करतात. ऑइल प्रेशर गेलं की बेअरिंग गेली. म्हणून दादा दिवाळीला आला की आठही प्लग काढेल, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडेल, काही दिवस थांबेल आणि लांब दांड्याच्या पान्याने क्रॅंक सावकाश फिरवून बघेल. ‘सुरू केलेलं नाही, हाताने फिरतं’ एवढं खरं वाक्य जाणकाराला पुरतं.

गंजाचे फोटो मला जवळून हवेत: मागच्या काचेचे खालचे कोपरे (व्हिनाइल रूफखाली पाणी मुरतं), ट्रंकचा तळ, मागच्या चाकांमागचा पत्रा, फ्रेमवरचे बॉडी माउंट. मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फासाठी टाकलेलं मीठ आहे, गंज असणारच. लपवला तर संशय वाढतो. फ्रिजवरचं मॅग्नेट पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली. पुढच्या बंपरला मात्र ते नीट चिकटणार नाही. ते एन्ड्युराचं आहे, वरून युरेथेन, म्हणजे रबरासारखं प्लास्टिक, हे नवख्याला आधीच सांगायचं. धूळ पुसून घ्या. ‘कोठारात सापडलेली गाडी’ म्हणून धुळीसकट फोटो टाकायची फॅशन मला मुळीच पटत नाही.

आई, आता तुझं काम. पार्ट्सच्या पिशव्यांवर बाबांनी मराठीत लिहिलंय, ‘डावं दार, वरचं बिजागर’ वगैरे. तू वाच, बाबांकडून खात्री कर आणि खाली इंग्रजीत लिही. जुनी चिठ्ठी फाडू नकोस. कुठला स्क्रू कुठला हे कळलं नाही तर त्या खोक्यांची किंमत भंगाराची. तुझ्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेला हुडवरचा टॅकोमीटरही गाडीबरोबरच द्यायचा. वेगळा विकून चार पैसे येतील, पण तो नसल्याचं कारण पुढे करून गिऱ्हाईक त्याहून जास्त कापेल. नऊवारी ठेवून घे.

पानेही ठेवा, बाबा. अर्धा, नऊ-सोळांश, पाच-अष्टमांश इंचाचे. अपूर्णांक मी शाळेच्या आधी त्यांच्यावर शिकले. ते मला हवेत.

टायटलवर आधी सही करून ठेवू नका, आणि घेणाऱ्याचं नाव कोरं सोडून तर कधीच नाही. तेव्हाच्या कर्जाची नोंद त्यावर अजून असेल तर बँकेचं रिलीज पत्र लागेल, फायलीत शोधा. कॅशिअर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढलेला चेक, घरी घ्यायचा नाही, बनावट निघतात. ज्या बँकेचा चेक त्याच बँकेत गिऱ्हाइकाबरोबर जायचं, दादा सोबत असेल. ‘जास्तीचा चेक देतो, उरलेले ट्रान्सपोर्टवाल्याला द्या’ म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका. नंतर सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात, जिथे मिशिगनमध्ये गाड्यांची नोंद होते, तुम्ही आणि गिऱ्हाइकाने मिळून नाव बदलायचं, सही केलेल्या टायटलची प्रत ठेवायची, नंबर प्लेट आपल्याकडे राहते. इन्शुरन्स हे सगळं झाल्यावरच बंद करायचा.

न्यायला विंचवाला फ्लॅटबेड येईल. गाडी स्टँडवरून दादा उतरवेल. तुम्ही ढकलायला पुढे व्हायचं नाही.

पुढच्या ऑगस्टला वुडवर्ड रस्त्यावरच्या ड्रीम क्रूझला, त्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, मी येतेच आहे. खुर्च्या, थर्मास, आईचे लाडू, आणि तुम्ही दर गाडीचं साल ओळखायचं, नेहमीसारखं. गॅरेजमध्ये दुसरा दिवा आणि पायरीला कठडा बसवणारा माणूस मी बघून ठेवलाय, पैसे दिलेत, नाही म्हणू नका.

शनिवारी फोन करते. तोवर टाकीचं झाकण उघडू नका. जुनं पेट्रोल आहे आणि वॉटर हीटर त्याच गॅरेजमध्ये आहे.

तुमची,
छकुली