दिवाळी झाली की तुम्ही पुण्याला येताय

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलता येत नाही. मी विषय काढला की बाबा “मला काय धाड भरलीया?” म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई, चष्मा लाव, बाबांना हे मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

दिवाळी झाली की तुम्ही दोघं माझ्याकडे येताय. माघी पौर्णिमेच्या आत परत आणून सोडते, सौंदत्तीची जत्रा चुकणार नाही. दादाशी बोलून झालंय. यंदाची तंबाखू तो आणि वाटेकरी बघतील. शेंडे खुडायचं, फुटवे काढायचं त्यांना जमतं, बाबांनीच शिकवलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं हे मला टोचतंय. पण गणपतीत मी बाबांना ब्लडप्रेशरचं मशीन लावलं, 178 वर 104 आकडा आला आणि बाबा हसून गोठ्याकडे निघून गेले, ते काही डोळ्यांपुढून हलत नाही.

डोकं दुखत नाही मग गोळी कशाला, असं तुमचं म्हणणं. बाबा, हाच तर या दुखण्याचा कावा आहे. प्रेशर दुखत नाही. 140 वर 90 च्या पुढं ते वर्षानुवर्षं राहिलं की आतल्या आत रक्तवाहिन्या खराब होत जातात, आणि माणसाला कळतं ते एकदमच. आबांना लकवा झाला तेव्हा कळलं तसं. टाळता येणाऱ्या मरणांची कारणं जगभरात मोजतात, त्यात हे वाढलेलं प्रेशर सगळ्यांत वर आहे, तंबाखूच्याही वर. आणि त्यावरची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आबांच्या वेळी घरात गोळी नव्हती, मशीन नव्हतं. आज दोन्ही आहे आणि दोन्ही कपाटात पडून आहे. आकडा उतरला म्हणून गोळी बंद करायची नसते. गोळी चालू असते म्हणून तो उतरतो.

तंबाखूबद्दल लिहिताना हात थांबतो. 1981 साली तंबाखूला दर मिळावा म्हणून शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागं तुम्ही निपाणीच्या हायवेवर बसलात, गोळीबार पाहिलात. माझी फी, वरच्या खोलीचा स्लॅब, दादाचं लग्न, सगळं त्या पानातून झालं. वखारीतून आलात की मी तुमच्या सदऱ्यात नाक खुपसून झोपायची. कुठंही तो वास आला की मला अजून तुम्ही आल्यासारखं वाटतं. म्हणून पिकाला मी नावं ठेवत नाही. विका खुशाल, पण गालात धरू नका. तंबाखूनं जगात वर्षाला 70 लाखांहून जास्त माणसं जातात म्हणे. 70 लाख मला कळत नाहीत, तात्याकाकांचा गाल कळतो. त्यांना चमच्यानं पेज कोण भरवत होतं, हे आईला विचारा. एकदम सुटत नसेल तर इथं डॉक्टर मदत करतात, निकोटीनचं च्युइंगम देतात. मी बरोबर येईन. रागावणार नाही, वचन देते.

आई, तुझंही आहे. गॅस असून भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. मी आले की चुलीवरची भाकरी मागते, ती चूक माझी, आता कधी मागणार नाही. घरातल्या धुरानं जगात वर्षाला 30 लाखांच्या आसपास जीव जातात. तुझा खोकला वखारीतल्या धुळीचा म्हणतेस, पण वखार सोडून 12 वर्षं झाली गं. इथं छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.

तोवर एवढं कराच. माणशी दिवसाचं मीठ चहाच्या एका सपाट चमच्याहून जरा कमी, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत, आणि खर्डा, लोणचं, पापड त्यातच धरायचे. ताटात वरून मीठ वाढायचं नाही. बाबांनी हेल्मेट घातल्याशिवाय गाडी हायवेला काढायची नाही, निपाणी जवळ असली तरी. आणि आई, हे नीट ऐक. तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलेना किंवा जीभ जड झाली, तर सकाळची वाट बघायची नाही, तेल चोळत बसायचं नाही, पाणीसुद्धा पाजायचं नाही. लगेच 108. पलीकडचा माणूस कन्नडमध्ये बोलला तरी घाबरू नकोस, लकवा म्हण, त्यांच्याकडंही तोच शब्द आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आबांच्या वेळी आपण उजाडायची वाट बघितली. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आई. तू अजून मनाला लावून घेतेस म्हणून लिहिते, तुझी काही चूक नव्हती.

तुमची खोली पूर्वेची आहे, सकाळी ऊन पलंगापर्यंत येतं. लिफ्ट आहे. बाबांसाठी कन्नड बातम्यांचं चॅनल लावून घेतलंय. खाली बागेत संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात, त्यात एक संकेश्वरचे आहेत. गाईचं दूध मिळतं. तुळशीला कुंडी आणलीय, माती मात्र आपल्या परसातली आणा.

येताना शाळू दळून आणू नका, इथं चक्की आहे. मशीन डब्यातून काढून पिशवीत वर ठेवा. आणि बाबा, आज रात्रीची गोळी घेतली की दादाला मला मेसेज करायला सांगा. मी जागी आहे.

तुमची
बाळी