लाल पेन्सिल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी अर्धा तास बोललास, त्यातली पंचवीस मिनिटं त्या तुझ्या ऑफिसातल्या सिनियरवर गेली. जेवलास का, हे विचारायचंही राहिलं. कामाचं काही विचारलं की तो "बघून सांगतो" म्हणतो, आणि रात्री सगळं बंद पडलं की तुला कळतं, की एक स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी) आहे आणि ती हा गृहस्थ रोज स्वतः चालवतो. मी नुसतं हं हं करत राहिले. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

१९८७ साली माझी बदली तालुक्याच्या कचेरीत झाली, रेकॉर्ड रूमला. तिथे एक जुने कारकून होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. भिंतभर घोडे, म्हणजे मांडण्या, त्यांवर रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आत गावोगावचे फेरफार, जुने सात-बारा, जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं. कोणत्या रुमालात काय, याची यादी हवी. ती त्यांच्या डोक्यात होती. कुणी नक्कल मागितली की हे उठायचे, वर न बघता हात घालायचे आणि पन्नासच्या आधीचा फेरफार काढून समोर ठेवायचे. माणसं हात जोडायची. पण हे रजेवर गेले की कचेरी आंधळी. एसटीने आलेला शेतकरी "सोमवारी या" ऐकून दिवस बुडवून परत जायचा, आणि ते ऐकवणारी मी.

"भाऊसाहेब, मला दाखवाल का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "कळेल हळूहळू."

सरकारी टेबलावर कागद सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धत आहे. त्यातला एक स्थायी आदेशांचा. उद्या त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं तरी काम अडू नये म्हणून त्या कामाचे नियम, परिपत्रकं त्यात ठेवायची. भाऊसाहेबांच्या त्या गठ्ठ्यावर चिठ्ठी सुंदर अक्षरात होती. आत मागल्या वर्षीचं पंचांग.

मी पहिले दोन महिने चिडण्यात घालवले. साहेबांकडे तक्रारही केली. साहेब म्हणाले, "अहो, त्यांच्याशिवाय चालत नाही." तेच तर सांगायला गेले होते मी! मग विचारणं सोडलं आणि एक दोनशे पानी वही घेतली. ते रुमाल काढायला उठले की गाव, साल, कितवा घोडा, कितवा कप्पा, एवढं टिपायचं. चारेक महिन्यांनी बरीच गावं झाली. वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "एवढं मला कळलंय, चुकलं असेल तर सांगा."

वाटलं, आता चिडणार. चिडलेच, पण निराळ्या कारणाने. तिसऱ्या पानावर एका गावाचा कप्पा चुकला होता. खिशातली लाल पेन्सिल काढली, खोडलं, बरोबर लिहिलं. मग चौथं पान. मग पाचवं. चहा निवला तरी मान वर नाही. ज्या माणसाने सहा महिन्यांत एक वाक्य धड सांगितलं नव्हतं, त्याला चुकीची नोंद मात्र बघवत नव्हती.

कारण मला पुढे कळलं. बढतीला लागणारी महसूल अर्हता परीक्षा त्यांची निघाली नव्हती. हाताखाली शिकलेली पोरं अव्वल कारकून होऊन त्यांनाच हाका मारायची. ते रुमाल सोडले तर त्या इमारतीत त्यांचं असं काही नव्हतं. म्हणून ते बरोबर होते असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याच्या बुडालेल्या दिवसाचं काय?

जुन्या कागदांची मोडी लिपी मात्र त्यांनी शेवटपर्यंत शिकवली नाही. निवृत्तीला चार्ज दिला तो किल्ल्यांचा आणि खुर्ची-कपाटांचा. (जाताना कामाची माहिती पुढच्याला सोपवायची, तिला तुमच्यात केटी म्हणतात, ती ही एवढीच.) २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला मोडी वाचणारे ठिकठिकाणाहून बोलवावे लागले, तेव्हा मला त्यांची फार आठवण झाली. जरा रागही आला.

आता हेही सांगते, कारण तुझ्या बाबांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. सात-बारा संगणकावर चढवत होते तेव्हा कोणत्या गावांच्या नोंदींत घोळ आहे हे मला पाठ होतं. एक नवा मुलगा रोज विचारायचा. मी म्हणायचे, "अडलं की ये." तो यायचा आणि मला बरं वाटायचं. एक दिवस माझ्याच तोंडून "कळेल हळूहळू" निघालं आणि मी चरकले.

तेव्हा तू त्याच्याकडे "केटी द्या" म्हणून जाऊ नकोस. तुला जेवढं समजलंय तेवढं लिही, अर्धवट असलं तरी, आणि "हे बरोबर आहे का" म्हणून पाठव. मॅनेजरला "तो सांगत नाही" म्हणू नकोस, माझं काय झालं ते वर लिहिलंय. "अमुक माहिती गुरुवारपर्यंत मिळाली नाही तर शुक्रवारचं काम अडेल" असं लेखी दे. आणि एक बघ: रात्री बंद पडलं तर तो फोन उचलतो का? उचलत असेल तर तो घाबरलेला आहे, त्याच्याशी जमवता येईल. मुद्दाम चुकीचं सांगून तुला तोंडघशी पाडत असेल, तर ते प्रकरण वेगळं. मग तारखांसकट वर कळव आणि भीड धरू नकोस.

ती वही अजून माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. दिवाळीला आलास की काढू. लाल पेन्सिलीच्या खुणा शाईपेक्षा ठळक राहिल्यात.

आणि परवा सगळ्यांसमोर कॉलवर त्याच्यावर आवाज चढवलास म्हणालास, त्याबद्दल त्याच्या टेबलाशी जाऊन बोल. मेल नको पाठवूस.

तुझी,
आई